तिसरी पाळी

आमच्या भागात ‘पाळी’ हा शब्द तीन ठिकाणी राबतो. पेरणीआधी रान भुसभुशीत व्हावं म्हणून कुळव फिरवतात, ती एक पाळी. कालव्याचं पाणी ठरल्या वेळेला आपल्या चारीला सुटतं, ती दुसरी. पाटकरी सांगून जातो, ‘मंगळवारी रात्री दोनला तुमचं,’ आणि मग मंगळवारची रात्र त्या घरात कुणी झोपत नाही. तिसरी पाळी कारखान्यातली. तिच्यातही पुन्हा तीन : सकाळची, दुपारची, रात्रीची. माझ्या वडिलांचं, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सगळं उमेदीचं आयुष्य या पाळ्यांच्या मधल्या वाटेवर सायकल मारण्यात गेलं. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे, चहात शिळी भाकरी कुस्करून खायचे आणि रानात पाणी असलं की तसेच पुढं चार किलोमीटर दारं धरायला जायचे. सकाळी त्यांच्या हाताला यंत्राच्या तेलाचा वास असायचा, संध्याकाळी त्याच हाताला ओल्या मातीचा. सगळ्यांच्याच वडिलांना असे दोन वास असतात, अशी लहानपणी माझी समजूत होती.

गाव वालचंदनगर, तालुका इंदापूर. बारामतीहून एसटीत बसलं की काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे अशी उसाच्या हिरव्या भिंतींमधून गाडी येते आणि जंक्शन नावाच्या फाट्यावरून नीरेच्या अंगाला वळते. आमचा तालुका दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. वर भीमा, खाली नीरा, आणि दोघी भेटतात नीरा नरसिंहपूरला. दोन नद्या असूनही रान मुळात तहानलेलं, कारण ढग सह्याद्रीवरच रिते होऊन इकडं येतात. १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा आला, १९२८ मध्ये भाटघरचं मोठं धरण पुरं झालं, तेव्हा कुठं ज्वारी-बाजरीच्या या रानांना बारमाही पिकाची हिंमत झाली. त्या पाण्याच्या भरवशावर १९३०च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या शिवारात ऊस लावला आणि साखर कारखाना उभा केला.

हा माणूस सोलापूरच्या व्यापारी घरातला, रेल्वेच्या कंत्राटांत रमलेला, बोरघाटातल्या बोगद्यांचं काम केलेला. १९१९ मध्ये सिंदिया कंपनी काढून त्यांनी इंग्रजांच्या आगबोटींशी टक्कर घेतली. १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना काढला, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. त्यांच्या जहाजांबद्दल आणि विमानांबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला मात्र त्यांचं धाडस या माळावर जास्त दिसतं. समुद्र आणि आकाश आधीपासूनच तिथं होते. इथं पाणीसुद्धा मोजून घ्यायचं होतं आणि माणसं शेतातून उचलून यंत्रापाशी आणायची होती.

साखर कारखान्याला वर्कशॉप लागतंच. ऊस तोडला की तासातासाला त्यातली साखर उतरत जाते. भर हंगामात चरकाचा एखादा भाग मोडला, तर सुटा भाग बाहेरून येईपर्यंत हात बांधून बसता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला यंत्र आतून कळत जातं, आणि आतून कळलं की ते आपणच करावं असं त्याला वाटू लागतं. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यामागून महाराष्ट्रभर सहकाराची लाट आली, आणि त्या प्रत्येक कारखान्याला चरक हवे होते, बॉयलर हवे होते. वालचंदनगर ते बनवू लागलं. पुढं सिमेंटच्या भट्ट्यांचे प्रचंड गिअर, अणुवीज केंद्रांना लागणारी अवजड सामग्री, नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स, आणि अग्निबाणांची पोलादी कवचं. हे सगळं उसाच्या फडांच्या मधोमध, जिथं रेल्वे नाही, बंदर नाही, अशा ठिकाणी.

मी आत वर्षातून एकदाच जायची, खंडेनवमीला. त्या दिवशी यंत्रं पुसून लख्ख केलेली असत. प्रत्येकाच्या कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, पायाशी ऊस आणि आपट्याची डहाळी. अण्णा माझा हात धरून आपल्या मशीनपाशी न्यायचे. ते व्हीटीएलवर होते, म्हणजे उभ्या लेथवर. मला ते थेट जात्यासारखं वाटायचं, फक्त आमच्या घराएवढं मोठं. जात्याची वरची तळी फिरते तसं इथं टेबल फिरतं. त्या टेबलावर बांधलेला जॉब गरगर फिरत राहतो आणि वरून उतरलेलं हत्यार त्याच्यातून पोलादाची साल काढत जातं. ती साल निळसर, वेटोळी, तापलेली. अण्णांनी मला एकदा थंड झालेली साल हातात दिली होती. जिलबीसारखी दिसणारी, बोट कापणारी.

पण मशीन सुरू असताना मी कधीच पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं ते कायम फुलांत, मुकं. त्याचा आवाज मला ठाऊक होता तो घरातून, लांबून. रात्री कॉलनी निजली की कारखान्याची एक सलग घरघर जमिनीखालून यायची. कधी क्रेनची घंटा, कधी जाड पत्र्यावर घणाचा एखादाच ठोका. आई त्या आवाजावरून सांगायची, ‘आज हेवी शॉप जोरात आहे.’ आणि भोंगा तर सगळ्या पंचक्रोशीचा. रानातल्या बाया भोंग्यावर भाकरीची फडकी सोडायच्या, म्हाताऱ्या भोंग्यावर औषधाची गोळी घ्यायच्या. मुकं यंत्र पाहायचं आणि न दिसणाऱ्या यंत्राचा आवाज ऐकायचा. या दोहोंना जोडून वडिलांचं काम मनात उभं करायला मला पुष्कळ वर्षं लागली.

अण्णा फार बोलत नसत. विचारलं तर सांगत, आणि सांगताना हात चालत. चरकाच्या रोलरचं त्यांनी एकदा ताटावर समजावलं होतं. गुऱ्हाळातल्या चरकाला लाटा असतात, तशाच कारखान्यातल्या चरकाला, पण एकेका लाटेचं वजन कित्येक टन. आतला कणा पोलादाचा, वरचं कवच बिडाचं. बीडच का, तर त्याचा पोत खरबरीत असतो, आणि खरबरीत असल्याशिवाय ऊस पकडला जात नाही. गुळगुळीत लाटेवरून ऊस निसटून जाईल. मग त्या दोघांना जोडायचं कशानं? खिळा नाही, वेल्ड नाही. कवच आतून कण्यापेक्षा किंचित अरुंद ठेवायचं, भरपूर तापवायचं, तापल्यावर ते फुगून मोठं होतं, आणि मग क्रेननं उचलून कण्यावर अलगद उतरवायचं. त्या वेळी शॉपमध्ये कुणी बोलत नाही. मधेच अडकलं तर ते तिथंच थंड होणार, आणि मग वरही येत नाही नि खालीही जात नाही. नीट बसलं तर निवता निवता आक्रसतं आणि कण्याला असं धरतं की पुढची कित्येक वर्षं लाखो टन ऊस पिळला तरी सुटत नाही. ‘नुस्ती ऊब,’ अण्णा म्हणाले होते, ‘बाकी काही न्हाई.’ ताटातली भाकरी तशीच राहिली होती.

नंतर ते गिअर हॉबिंगला गेले. मोठ्या गिअरचे दाते कापायला दिवसच्या दिवस लागतात. शेवटचा हात फिरत असताना यंत्र थांबवायचं नसतं, कारण थांबलं की पोलाद निवतं, निवलं की आक्रसतं, आणि पुन्हा सुरू केलं की जिथं थांबलो होतो तिथं दात्यावर एक पायरी उमटते. डोळ्याला दिसणार नाही अशी. पण पाणबुडीत किंवा जहाजात तो गिअर फिरायला लागला की ती पायरी ओरडते, आणि समुद्रात आवाज झाला की शत्रूला जहाज सापडतं. म्हणून पहिल्या पाळीचा माणूस दुसऱ्याला यंत्र चालू ठेवूनच सोपवतो, दुसरा तिसऱ्याला. पाटाचं पाणी असंच सोपवतात. आपली वेळ संपली की शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन हाक मारायची, तो आला की आपलं दारं बुजवून त्याचं मोडायचं; मधल्या वेळात पाणी वाया जाता कामा नये. अण्णांना ही गोष्ट कारखान्यानं शिकवली की कालव्यानं, हे मला कधी वेगळं करता आलं नाही. गिअरपाशी उभं राहून ते मला सांगत नव्हते, बांधावर बसून सांगत होते, आणि बोट मात्र हवेत दात्याची कड चाचपत होतं.

मी बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात मराठी घेऊन शिकत होते, तेव्हाची एक संध्याकाळ आहे. बारामती मोरोपंतांची. कऱ्हेकाठच्या त्या गावात बसून त्यांनी आर्येत सगळं महाभारत उतरवलं. मी मात्रा मोजून दाखवत होते. पहिल्या चरणात बारा, दुसऱ्यात अठरा. अर्धी झाली तीसची, उरलेली अर्धीही तीसची. अण्णा चटईवर पाय चोळत बसले होते. त्यांनी विचारलं, ‘एखादी मात्रा कमी पडली तर?’

‘छंद मोडतो.’

‘मग काय करायचं?’

‘शब्द बदलायचा. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ घ्यायचा.’

त्यांनी बराच वेळ मान हलवली. ‘बरं हाय तुमचं. आमचं एकदा काढलं की काढलं. परत लावता येत न्हाई.’

आणि मग, मी न विचारता, त्यांनी मला सिगारेटच्या कागदाची गोष्ट सांगितली. जुन्या माणसांची रीत होती ती. हत्यार जॉबला टेकलं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. मग मधे सिगारेटचा पातळ कागद धरायचा आणि हत्यार हळूहळू आणायचं. कागद चिमटीतून ओढला गेला की समजायचं, आता कागदाएवढंच अंतर राहिलं. तिथून पुढं मायक्रॉनचं काम. अण्णांनी कधी विडी ओढली नाही, पण सिगारेटच्या कागदाची पुडी त्यांच्या खिशात असायची. आई धुण्याआधी ती काढून फळीवर ठेवायची, देवाच्या कापसाच्या शेजारी.

‘स्पेसचा जॉब’ हा शब्द कॉलनीत हळू आवाजात बोलला जायचा. त्याच्या आठवड्यात सुट्टी नसते आणि घरात कुणी काही विचारायचं नसतं, एवढंच आम्हा मुलांना कळायचं. पुढं ते सगळं वर्तमानपत्रात येऊ लागलं, तेव्हा मला समजलं की अण्णांच्या व्हीटीएलवर काय फिरत होतं. पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात घन इंधन असतं, जवळजवळ १३९ टन. ते ज्यात भरतात ते कवच पोलादाचं, व्यास २.८ मीटर, पाच खंडांत केलेलं, आणि भिंत बोटाच्याही जाडीची नाही. मॅरेजिंग स्टील म्हणतात त्या पोलादाला. त्यात अठरा टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम. आधी ते वाकायला, कापायला राजी असतं. मग भट्टीत साधारण ४८० अंशांवर काही तास मुरवलं की कणखर होतं आणि त्यानंतर कुणाचं ऐकत नाही. म्हणजे जे करायचं ते आधी, अचूक. दोन खंड जिथं जुळतात तिथं एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि खाचेत रबरी कडं असतं. अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ २८ जानेवारी १९८६ला ७३ सेकंदांत फुटलं आणि सात माणसं गेली, ते अशाच एका सांध्यातलं रबरी कडं थंडीनं ताठरल्यामुळं. शॉपमधल्या साहेबांनी ही हकिकत सगळ्यांना उभं करून सांगितली होती. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत, असं आई सांगते. त्यांना त्या सात जणांची नावं ठाऊक नव्हती. खाच ठाऊक होती.

तयार झालेला जॉब गावाबाहेर पडायचा तो दिवस मात्र सगळ्यांचा असायचा. चाकांच्या ओळीच्या ओळी असलेला ट्रेलर, त्यावर ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी अजस्र. पुढं लाल झेंडीवाला, दोन्ही बाजूंनी खलाशी हातात लांब बांबू घेऊन, रस्त्यावर आडव्या आलेल्या तारा उचलून धरत. माणसाच्या चालीनं ते चालायचं. नारळ फुटायचा, चाकाखाली लिंबू जायचं. जंक्शनच्या फाट्यापर्यंत आम्ही पोरं मागं मागं. त्याच रस्त्यानं आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती धावतात, बेलवाडीला गोल रिंगण होतं, आणि मग अंथुर्ण्याला मुक्काम. पालखी तीच चाल धरते. मला त्या रस्त्याची ही सवय फार मोलाची वाटते. घाईनं जाणारं सगळं थांबवून, मोठी गोष्ट तो पायी सोडतो.

अण्णा जॉब बघायला फाट्यावर कधी आले नाहीत. त्या वेळी त्यांच्या टेबलावर दुसरा जॉब बांधलेला असायचा.

२० सप्टेंबर १९९३ ही तारीख आमच्या घरात पाठ आहे. त्या दिवशी पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण झालं आणि यान कक्षेत न पोचता बंगालच्या उपसागरात पडलं. मी कॉलेजातून आले तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते, पायात चपला तशाच. दुसऱ्या दिवसापासून मी बारामतीच्या स्टँडवर मिळतील ती वर्तमानपत्रं घेऊन वाचू लागले आणि एक दिवस घरी पळत आले. पहिला टप्पा नीट जळाला होता. चूक झाली ती दुसरा टप्पा सुटून तिसरा पेटताना, यानाचा तोल सांभाळणाऱ्या आज्ञावलीत. मी म्हटलं, ‘अण्णा, आपला टप्पा चालला. सांधे धरून राहिले.’

त्यांनी पेपर हातात घेतला, चष्मा न लावताच पाहिला, घडी घालून परत दिला. ‘पण पोचलं न्हाई ना, पोरी.’

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आपल्या हातून चूक झाली नाही, एवढं समाधान माणसानं स्वतःला का देऊ नये? आता वाटतं, त्यांना ‘आपला टप्पा’ हा शब्दच कळला नसेल. ज्याच्या रानाला कालव्याच्या टेलचं पाणी येतं, त्याला वरची चारी शाबूत होती हे सांगून काय उपयोग? पाणी पोचलं की पाळी पुरी होते. पुढच्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९९४ला, पीएसएलव्ही कक्षेत पोचलं. त्या दिवशी अण्णांची दुसरी पाळी होती. रात्री आले, हात धुतले, आणि सिगारेटच्या कागदाची पुडी स्वतःच फळीवर ठेवली.

ते निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. हॉबिंगला आणि व्हीटीएलला त्यांनी तयार केलेली पोरं पुढं उस्ताद झाली, त्यांतली काही आता निवृत्तीला आली. चंद्रयान-३ निघालं तेव्हा, १४ जुलै २०२३ला, मी पुण्याहून मुद्दाम घरी गेले होते. दुपारी दोन पस्तीस. टीव्हीसमोर सगळी आळी जमली होती. सगळ्यांचं लक्ष टोकावर, जिथं यान होतं. अण्णा मात्र बाजूच्या दोन पांढऱ्या खांबांकडं बघत होते. ते एस-२०० बूस्टर. प्रत्येकी तीन खंडांचे, ३.२ मीटर व्यासाचे, आत दोनशे टनांहून जास्त घन इंधन. त्यांच्या कवचाचे काही खंड वालचंदनगरला झालेले. महिनोन्‌महिने रोलिंग, वेल्डिंग, एक्स-रे, भट्टी, पाण्याच्या दाबाची चाचणी, मग बांबूंनी तारा उचलत हजारएक किलोमीटरचा रस्ता. आणि काम दोन मिनिटं, वर थोडे सेकंद. अण्णांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. एकशे सत्तावीसच्या आसपास दोन्ही खांब सुटले, उलटेपालटे होत मागं राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी हात आडवा केला, क्रेनवाल्याला ‘थांब’ सांगताना करतात तसा, आणि म्हणाले, ‘बस्स.’

उतरले ते समुद्रात. इथं केलेलं इथं काहीच राहत नाही. रोलर कुठल्या कुठल्या तालुक्यांत ऊस पिळतात, गिअर पाण्याखाली फिरतात, कवचं उपसागराच्या तळाशी आहेत. गावात त्यातलं एकही ठेवलेलं नाही, आणि अण्णांच्या घरात आहे ती एक निळसर पोलादी साल, जिलबीसारखी, माझ्या कंपासपेटीत.

त्याच रात्री आमची पाण्याची पाळी होती. रान आता पुतण्या बघतो, पण अण्णा ऐकत नाहीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खांद्यावर टॉवेल टाकून निघाले, म्हणून मीही गेले. अमावास्या जवळ आली होती. चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता. बॅटरी लावू नको, म्हणाले, उजेडात ऐकू येत नाही. आम्ही बांधावर बसलो. जमीन वरवर कोरडी, पायाखाली भेगाळलेली. पुतण्या चारीच्या तोंडाशी खोरं घेऊन उभा होता. दूर कारखान्याचे दिवे दिसत होते आणि ती जुनी घरघर जमिनीतून येत होती, किंवा मला तसं वाटत होतं. अण्णांनी वाकून तळहात सरीत टेकवला आणि तसाच ठेवला, बराच वेळ.

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

‘आलं,’ अण्णा म्हणाले.